एकसष्टाव्या हंगामाचे उत्तर : विदर्भाला रणजी करंडक इतक्या उशिरा का मिळाला?

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, जऊळका नावाचे एक लहानसे स्थानक लागते. गावाची ओळखच 'जऊळका रेल्वे' अशी. कित्येक दशके हा मार्ग छोट्या लाइनीचा, म्हणजे मीटरगेजचा होता. येथील माणसाला नागपूर गाठायचे तर आधी अकोल्याला उतरावे लागे, तेथे रूळ बदलत, गाडी बदले, आणि मग मोठ्या लाइनीवरून सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास सुरू होई.

विदर्भ क्रिकेटच्या इतिहासात या स्थानकाचा उल्लेख कोठेही येत नाही. पण जऊळका वऱ्हाडात आहे, वऱ्हाड विदर्भात आहे, आणि विदर्भाचा रणजी संघ ज्या मुलुखाचा म्हणवला जातो त्यात हे गावही मोडते. कागदावर तरी मोडते. प्रत्यक्षात संघाची निवड नागपुरात होई, आणि तेथपर्यंत पोचायला मध्ये गाडी बदलावी लागे. पुढे जे सांगायचे आहे त्याचा बराचसा भाग याच अंतराचा आहे.

१ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. संघाचा पहिला हंगाम होता १९५७-५८. म्हणजे हे यश एकसष्टाव्या हंगामात आले. पहिल्या हंगामात खेळलेल्यांची नातवंडे तोवर कर्त्या वयाची झाली होती. एवढेच नव्हे, त्याआधीच्या साठ हंगामांत विदर्भ अंतिम सामन्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता. एखादा संघ पिढ्यान्‌पिढ्या का जिंकत नाही, या प्रश्नाला मराठी मुलुखात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. (एक सापडते, तेही मराठीच. त्याच्याकडे पुढे वळू.)

जगभर अशा प्रश्नाला लोक पहिले उत्तर देतात ते शापाचे. अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ तर अशा कथांचे आगरच. बॉस्टन रेड सॉक्स संघाने १९१८ साली विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस बेब रूथ हा आपला असामान्य खेळाडू न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला विकला. आणि त्यानंतर २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे, बॉस्टनच्या हाती काही लागले नाही. लोकांनी ठरवले की रूथचा शाप लागला. शिकागो कब्ज संघाची गोष्ट याहून नवलाची. १९४५ मध्ये एका खानावळवाल्याला त्याच्या पाळीव बोकडासह मैदानाबाहेर काढले, त्याने शाप दिला, म्हणून १९०८ नंतरचे विजेतेपद थेट २०१६ मध्ये आले असे सांगतात. बोकडाला हाकलण्यापूर्वीच ३७ वर्षे कोरडी गेली होती, ही अडचण कथा सांगणाऱ्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

बॉस्टनच्या दप्तरात मात्र शापापेक्षा उद्बोधक गोष्ट आहे. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी रेड सॉक्सच्या मैदानावर झाली. कोणालाच घेतले नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि अमेरिकी बेसबॉलचा इतिहास बदलला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो १९५९ मध्ये, त्या काळच्या सर्व संघांत सर्वांत शेवटी. दाराशी आलेला माणूस ज्यांनी परत पाठवला, त्यांना पुढे शाप शोधावा लागला.

विदर्भाच्या वाट्याला शापाची कथाही आली नाही. तेथे 'आपल्याकडे क्रिकेट नाहीच' एवढे म्हणून लोक मोकळे होत.

आता थोडे गणित. समजा, स्पर्धेत २५ संघ आहेत आणि सर्वांची ताकद अगदी सारखी आहे. एखाद्या वर्षी एका संघाचे विजेतेपद हुकण्याची शक्यता २५ मध्ये २४. ओळीने साठ वर्षे हुकण्याची शक्यता काढली तर ती नऊ टक्क्यांच्या आत येते. म्हणजे २५ पैकी साधारण दोन संघ निव्वळ नशिबाच्या खेळात साठ वर्षे रिकाम्या हाती राहतील. त्यांचा काही दोष नसेल.

रणजी स्पर्धेत मात्र ताकद कधीच सारखी नव्हती. १९५७-५८ ते २०१६-१७ या साठ हंगामांत करंडक फक्त तेरा संघांना मिळाला, आणि साठांपैकी ३२ वेळा तो एकट्या मुंबईने नेला. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात तर मुंबईने ओळीने पंधरा वर्षे तो सोडलाच नाही. उरलेल्या २८ करंडकांत सगळा भारत. हे लक्षात घेऊन तेच गणित पुन्हा मांडले, तर मुंबई सोडून कोणत्याही सरासरी संघाची साठ वर्षे कोरडी जाण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या घरात जाते.

तेव्हा विजेतेपद न मिळणे हे फारसे आश्चर्याचे नव्हते. आश्चर्य याचे की साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना नाही. ते गणिताने सुटत नाही. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते.

नागपूरच्या मातीत क्रिकेट नव्हते, हे म्हणणे तर पहिल्याच पुराव्यापुढे टिकत नाही. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. नायडू, यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.च्या इंग्रज संघाविरुद्ध हिंदू संघाकडून त्यांनी १५३ धावा झोडपल्या, त्यात अकरा षटकार होते. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार हेच नागपूरकर होते.

पण तोवर ते नागपूरचे उरले नव्हते. १९२३ मध्ये होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून ते इंदूरला गेले आणि संस्थानच्या सैन्यात अधिकारी झाले. त्या काळात क्रिकेट राजाश्रयाने चाले. खेळाडूला पगार, हुद्दा आणि मोकळा वेळ देण्याची ऐपत संस्थानिकांची होती. नागपूर हे ब्रिटिशांच्या मध्य प्रांताचे ठाणे. भोसल्यांचे राज्य १८५३ मध्येच खालसा झालेले. वऱ्हाड निजामाचे, पण कारभार इंग्रजांकडे. दोन्हीकडे कचेऱ्या होत्या, आश्रय देणारा दरबार नव्हता. सी. पी. अँड बेरार या नावाचा संघ रणजी स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळात खेळलाही, पण त्याच प्रदेशाचा सर्वांत मोठा खेळाडू शेजारच्या संस्थानात होता. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा करंडक जिंकला. त्या विजयांची पायाभरणी नागपुरात जन्मलेल्या माणसाने केली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. क्रिकेटच्या नकाशाने मात्र राज्याच्या सीमा मानल्या नाहीत. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन वेगळे संघ एकाच राज्यात राहिले, आणि आजही आहेत. विदर्भाने १९५७-५८ पासून स्वतंत्र संघ म्हणून खेळायला सुरुवात केली ती मध्य विभागात. नेमक्या त्याच वर्षी स्पर्धेची रचनाही बदलली होती. देशाचे पाच विभाग, प्रत्येक विभागात साखळी सामने, आणि पुढच्या फेरीत जाणार तो केवळ विभागाचा विजेता.

या रचनेचा अर्थ एका वेगवान गोलंदाजाच्या नजरेतून पाहावा. विभागात पाच संघ, म्हणजे वर्षाला चार सामने. राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि रेल्वे. चार सामने झाले की हंगाम संपला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच चार प्रतिस्पर्धी. दहा वर्षे इमानाने खेळलेल्या माणसाची कारकीर्द चाळीस सामन्यांची. मुंबईचा गोलंदाज मात्र विभाग जिंकून पुढे जाई, उपांत्य फेरीत दक्षिणेशी, अंतिम फेरीत आणखी कोणाशी खेळे, आणि निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर राही. जो जिंकतो त्याला अधिक खेळायला मिळते, जो अधिक खेळतो तो अधिक चांगला होतो. हरणाऱ्याला शिकण्याची संधीही कमी. कोणी मुद्दाम आखले नसेल, पण विभागीय पद्धतीने बलवानाला खाऊ घातले आणि दुबळ्याला उपाशी ठेवले.

हे केवळ विदर्भाचे दुखणे नव्हते. शेजारच्या राजस्थानने १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ अंतिम सामने गाठले आणि आठही हरले, त्यांतले सात मुंबईकडून. त्यांना करंडक मिळाला तो थेट २०१०-११ मध्ये.

आता ते दुसरे मराठी उदाहरण. पुण्याचा महाराष्ट्र संघ. प्रा. दि. ब. देवधर हे स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राचे नेतृत्व करीत. त्यांच्या कर्णधारपदाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मद्रासविरुद्ध खेळताना देवधरांचे वय एकोणपन्नास होते. त्यानंतर महाराष्ट्राला करंडक मिळालेला नाही. आजतागायत.

येथे खेळाडू नव्हते म्हणावे तर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते; ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. एका माणसाच्या बॅटीतून निघालेला डोंगर. पण करंडक डोंगरांवर मिळत नाही, वर्षभर टिकणाऱ्या पठारावर मिळतो. शिवाय महाराष्ट्र पश्चिम विभागात होता, त्याच विभागात मुंबई. विभागातून एकच संघ पुढे जाणार, आणि तो बहुतेक वर्षी ठरलेला. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ घेऊ लागले. त्याच हंगामात महाराष्ट्र अंतिम फेरीत दिसतो. १९९२-९३ मध्ये संख्या तीनवर गेली. त्याही हंगामात महाराष्ट्र अंतिम फेरीत. दोन्ही वेळा पराभव, एकदा मुंबईकडून, एकदा पंजाबकडून. तिसरा अंतिम सामना २०१३-१४ चा, तोही कर्नाटकाने जिंकला.

देवधरांना दीर्घायुष्य लाभले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते वारले तेव्हा १०१ वर्षांचे होते. १९४१ मध्ये ज्याने करंडक उचलला, त्या माणसाने पुढची ५२ वर्षे वाट पाहिली, आपल्या संघाचे दोन अंतिम पराभव त्याच्या हयातीत झाले, आणि तिसरा करंडक आला नाही. 'पिढ्या' हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही.

आणखी एक टोचणारी नोंद. राजस्थानने अखेर २०१०-११ मध्ये आणि लगेच २०११-१२ मध्ये करंडक जिंकला तेव्हा त्यांचा कर्णधार होता हृषीकेश कानिटकर, महाराष्ट्रात घडलेला पुण्याचा डावखुरा फलंदाज. नायडूंच्या इंदूरगमनाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट.

परत विदर्भाकडे. नागपुरात खेळ नव्हता असे नाही, खेळाचा देखावा तर भरपूर होता. सिव्हिल लाइन्समधील मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. न्यूझीलंडने भारताला हरवले. विश्वचषकात ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी याच मैदानावर चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक केले. (तारीख पुन्हा पाहावी. सी. के. नायडूंचा जन्मदिवस.) पुढे नागपूरचेच शशांक मनोहर क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. २००८ मध्ये जामठ्याला भव्य नवे मैदान उभे राहिले. मैदान होते, सामने होते, मंडळात वजन होते, तिकिटासाठी रांगा होत्या. नागपूरकर जगातील उत्तमोत्तम क्रिकेट पाहत होता, आणि त्या अकरांत विदर्भाचा कोणी नव्हता.

यजमानपदाने संघ घडत नाही, हे या चाळीस वर्षांनी पुरेसे दाखवून दिले. कसोटी सामना पाच दिवसांत संपतो. गोलंदाज घडायला सात-आठ वर्षे लागतात, आणि त्याची सुरुवात तालुक्याच्या गावी व्हावी लागते.

तालुक्याच्या गावी काय होते? टेनिसचा चेंडू होता. कापूस नाहीतर तूर निघालेली वावरे होती, शाळेची पटांगणे होती. चामड्याचा चेंडू, मातीची बांधलेली खेळपट्टी, पॅड आणि ग्लोव्हज यांचा खर्च, शिकवणारा माणूस, हे सगळे शहरात. या दरीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण उमेश यादव. नागपूरजवळच्या खापरखेडा परिसरातील वलनी या कोळसाखाणीच्या वसाहतीत वाढलेला मुलगा, वडील खाणीत कामाला. पोलीस भरतीत प्रयत्न करून झाला होता. एकोणीस-वीस वर्षांचा होईपर्यंत तो टेनिस चेंडूवरच खेळत होता. २००८ च्या नोव्हेंबरात तो विदर्भाकडून पहिला रणजी सामना खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत कसोटी. विदर्भाकडून खेळत कसोटी संघात गेलेला तो पहिला खेळाडू. संघ स्थापन झाल्यावर चोपन्न वर्षांनी.

या घटनेकडे बहुतेक लेखन 'जिद्दीची कहाणी' म्हणून पाहते. जिद्द होतीच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारावा. नागपूरपासून इतक्या जवळच्या वसाहतीतला ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकणारा मुलगा विसाव्या वर्षापर्यंत कोणाच्या नजरेस पडला नाही, तर अडीचशे किलोमीटरवरच्या, गाडी बदलून यावे लागणाऱ्या गावांतले किती जण पन्नास वर्षांत पडले नसतील? त्यांची नावे कोणत्याही धावफलकात नाहीत, म्हणून त्यांची मोजदादही नाही. बॉस्टनने दारातून परत पाठवले. येथे दारापर्यंत वाटच नव्हती.

बदल झाला तो एका दिवसात नाही आणि एका माणसाने केला नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मंडळाकडे आलेला पैसा राज्य संघटनांकडे वळू लागला, तेव्हा अनेक संघटनांनी तो विटा-सिमेंटमध्ये घातला. विदर्भाने मैदान बांधलेच, पण अकादमीही काढली. वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य, जो भारताकडून एकदिवसीय सामने खेळला होता आणि मधल्या काळात बंगालकडूनही खेळला होता, तो परतून संघटनेच्या क्रिकेट विकासाच्या कामात उतरला. भारताचा माजी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी मुलांना शिकवू लागला. वयोगटांच्या संघांत नागपूरबाहेरची नावे दिसू लागली.

स्पर्धेची रचनाही हलली. २००२-०३ मध्ये विभाग मोडले आणि संघांची वरचा व खालचा अशा गटांत वाटणी झाली. सुरुवातीच्या काही वर्षांत खालच्या गटातील संघाला त्या वर्षीचा करंडक जिंकण्याची वाटच नव्हती. विदर्भ बराच काळ याच गटात होता. पुढे ती वाट उघडली, आणि राजस्थानने खालच्या गटातून येऊन करंडक नेला तेव्हा ती खरोखर उघडी असल्याचे सर्वांना कळले. विदर्भ २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१७-१८ ला २८ संघांचे सात-सातचे चार समान गट झाले. उच्च-नीच संपले.

बाहेरून माणसेही आली. कर्नाटकाचा गणेश सतीश, आणि मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदे पाहिलेला वसीम जाफर. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, नुकतेच मुंबईतून मोकळे झालेले. मुंबईच्या क्रिकेटमध्ये 'खडूस' हा शब्द कौतुकाने वापरतात. पंडितांनी तो नागपुरात आणला. ज्या शहराने साठांपैकी ३२ करंडक नेले, त्याच शहराची दोन माणसे विदर्भाला जिंकायचे कसे ते दाखवत होती. कर्णधार मात्र घरचा होता. फैज फझल, आयुष्यात एकच एकदिवसीय सामना खेळला, त्यात नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा कधी बोलावला गेला नाही. त्या रणजी हंगामात त्याने ९१२ धावा केल्या.

कोलकात्यातील उपांत्य सामना पाहण्यासारखा होता. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या १५३. जुना विदर्भ येथेच संपला असता. दुसऱ्या डावात ३१३ झाल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य राहिले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. शेवटच्या सकाळी उरलेल्या तीन जोड्यांनी चिवटपणे धावा जमवत नेल्या, आणि सामना एका फटक्याच्या अंतरावर आला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबानीने डावात सात आणि सामन्यात बारा बळी घेतले. कर्नाटक १९२. विजय पाच धावांनी. साठ वर्षांचा हिशेब पाच धावांवर टेकला होता, त्या सकाळी एखादा झेल सुटला असता तर ही सारी कारणमीमांसा वेगळ्या सुरात लिहावी लागली असती. नशिबाला इतके श्रेय देणे भाग आहे.

अंतिम सामन्यात तसा ताण उरला नाही. दिल्ली २९५, गुरबानीचे सहा बळी, त्यात हॅटट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी. पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. विदर्भाच्या ५४७ धावांत यष्टीरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. दिल्लीचा दुसरा डाव २८०, आणि विदर्भाला हव्या होत्या २९ धावा.

त्या अकरांत एक नाव होते आदित्य ठाकरे. अकोल्याचा वेगवान गोलंदाज, एकोणीस वर्षांचा, आणि प्रथम श्रेणीचा पहिलाच सामना म्हणून थेट रणजीची अंतिम लढत. पन्नास वर्षे जो संघ नागपूरच्या पेठांतून निवडला जाई, त्याने करंडकाच्या सामन्यात पदार्पणाची टोपी अकोल्याच्या मुलाला दिली. त्याच हंगामात एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशाला हरवले आणि अथर्व तायडेने ३२० धावा केल्या. तायडेही अकोल्याचा. हे योगायोग वाटत नाहीत.

मैदान होते इंदूरचे, होळकरांच्या नावाचे. १९२३ साली नागपूरहून निघालेला माणूस जेथे गेला होता, तेथेच नागपूरला करंडक मिळाला.

एकदा मिळाल्यावर मात्र थांबणे राहिले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठ्याला सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव. आदित्य सरवटेचे सामन्यात अकरा बळी, चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याचाच बळी. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून हार, आणि तो मुंबईचा ४२ वा करंडक. २ मार्च २०२५ रोजी पुन्हा जामठा, समोर केरळ, पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरे विजेतेपद. हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी, रणजीतला विक्रम. साठ वर्षांत शून्य, आठ हंगामांत तीन.

पंडित तोवर मध्य प्रदेशाकडे गेले होते आणि २०२२ मध्ये त्यांनाही त्यांचा पहिला करंडक मिळवून दिला होता. आणि केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा करणारा फलंदाज होता करुण नायर. सात वर्षांपूर्वी कोलकात्यात विदर्भाविरुद्ध १५३ केलेला, तोच.